सीडीएन कॅशिंग: आधी किल्ली ठरवा, मुदत नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या बातम्या आणि बाजारभाव देणारे वेब ॲप्लिकेशन आहे. पाने मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. वर्गणीदारांसाठी लॉगिन. लारावेल (पीएचपीतली वेब चौकट), त्याच्यापुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सर्व्हर मुंबईत. सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाचकाजवळून देणारे सर्व्हरांचे जाळे) जोडून झाला, पण हिटचे, म्हणजे साठवलेल्या प्रतीतून भागणाऱ्या रिक्वेस्टचे, प्रमाण वर सरकत नाही, अधूनमधून मराठी वाचकाच्या फोनवर कन्नड पान उघडते, आणि बातमी दुरुस्त केली तरी जुनीच दिसत राहते.

तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक एकच निघते: कोणत्या दोन रिक्वेस्ट एकसारख्या मानायच्या, हे सीडीएनला कुणी सांगितलेलेच नाही. पान पाच मिनिटे ठेवायचे की तासभर यावर सगळे वाद घालतात. पण साठवलेली प्रत सीडीएन ज्या किल्लीने शोधतो ती चुकली असेल, तर मुदत कितीही बरोबर ठेवा, चुकीच्या माणसाला चुकीचे पान जाणारच. म्हणून आधी किल्ली.

सांगण्याच्या सोयीसाठी पुढे हेडर (रिक्वेस्ट आणि उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनांच्या ओळी) आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. कॉन्फिगमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत जातील.

सर्वसाधारणपणे किल्लीत होस्ट (डोमेनचे नाव), पाथ (त्यापुढचा पत्ता) आणि क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) एवढेच असते. कुकी नसते, ब्राउझरची भाषा नसते. आता तुमची भाषा जर कुकीत किंवा सेशनमध्ये (सर्व्हरने त्या वाचकाची ठेवलेली नोंद) असेल आणि दोन्ही भाषांचा पत्ता एकच असेल, तर काय होते बघा. मुदत संपल्यावर पहिला जो वाचक येईल, त्याच्या भाषेतले पान एजवर (सीडीएनचा वाचकाजवळचा सर्व्हर) साठते आणि पुढच्या सगळ्यांना तेच मिळते. चिकोडीहून कुणी कन्नडमध्ये बातमी उघडली की त्याच एजवरून येणाऱ्या बेळगावातल्या शहापूरच्या वाचकालाही कन्नड. 'अधूनमधून' होते म्हणून बग सापडत नाही. खरे तर तो दर मुदतीला होतो, फक्त नाणे कधी या बाजूला पडते, कधी त्या.

यावर 'व्हॅरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज', म्हणजे ब्राउझरच्या भाषेप्रमाणे वेगळी प्रत ठेवा, हा हेडर सुचवला जातो. पुस्तकी नियमाने तो बरोबर आहे, व्यवहारात त्याच्या नादी लागू नका. क्लाउडफ्लेअर (एक सीडीएन) नेहमीच्या पानांसाठी व्हॅरीतले ॲक्सेप्ट-एन्कोडिंग सोडून बाकीचे विचारात घेत नाही. क्लाउडफ्रंटमध्ये (ॲमेझॉनचा सीडीएन) तो हेडर कॅशे पॉलिसीत (किल्लीत काय यावे ते ठरवणारी) घातल्याशिवाय किल्लीत येत नाही. आणि घातलाच, तर फोनागणिक ती ओळ वेगळी: कुणाची मराठी-इंग्रजी, कुणाची इंग्रजी-हिंदी-मराठी, प्रत्येकात वजनाचे आकडे निराळे. एकाच पानाच्या डझनावारी प्रती होतात आणि हिट आणखी खाली जातो. शिवाय आपल्याकडे अनेकांचे फोन इंग्रजीवरच असतात, त्यामुळे त्या हेडरवरून वाचकाची भाषा कळतही नाही.

आयपीवरून राज्य ओळखून भाषा ठरवणे तर सीमाभागात निव्वळ हास्यास्पद ठरते. मोबाइलचा आयपी बहुधा ऑपरेटरच्या गेटवेच्या शहराचा दिसतो. निपाणीत बसलेला माणूस पुण्याचा किंवा बंगळूरचा भासू शकतो. आणि बेळगावातल्या माणसाला कोणती भाषा हवी, हे त्याचे राज्य सांगूच शकत नाही.

भाषा पाथमध्ये आणा. मराठीचे सगळे '/एमआर/' खाली, कन्नडचे '/केएन/' खाली. मग किल्ली आपोआप वेगळी होते, पर्ज (साठवलेली प्रत पुसणे) करताना नेम धरता येतो, सर्च इंजिनलाही दोन स्वतंत्र पाने दिसतात. मूळ '/' पत्त्यावर कुकी बघून रीडायरेक्ट करायचे असेल तर ते ३०२ (तात्पुरते) ने करा आणि त्यावर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' लावा. इथे ३०१ (कायमचे) वापरला की वाचकाचा ब्राउझर तो लक्षात ठेवतो, आणि नंतर त्याने भाषा बदलली तरी जुन्याच वाटेने जातो. ब्राउझरमधला ३०१ तुम्हाला पर्ज करता येत नाही.

आता क्वेरी स्ट्रिंग. बातम्यांच्या लिंक व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून फिरतात. फेसबुक प्रत्येक क्लिकला 'एफबीक्लिड' नावाचा वेगळा तुकडा चिकटवते, जाहिरातींचे 'यूटीएम' (वाचक कुठून आला ती खूण) वेगळेच. हे सगळे किल्लीत राहिले, तर फेसबुकवरून येणारा प्रत्येक वाचक म्हणजे एक नवा मिस, म्हणजे साठवलेली प्रत न सापडणे. तुमचा हिट वाढत नाही, त्यात याचा वाटा मोठा असणार. काय वगळायचे याची यादी करत बसू नका; काय ठेवायचे याची करा. बातम्यांच्या यादीला 'पेज', बाजारभावाला 'तारीख' आणि 'माल', बस्स. बाकी सगळे किल्लीतून बाहेर.

यात एक गोम आहे. किल्लीतून काढलेला तुकडा ओरिजिनपर्यंत (तुमचा मुंबईतला मूळ सर्व्हर) जात राहिला आणि तुमच्या टेम्प्लेटने 'शेअर करा' बटणात पूर्ण पत्ता छापला, तर एका वाचकाचा एफबीक्लिड साठवलेल्या पानातून सगळ्यांच्या शेअरमध्ये जातो. हे निरुपद्रवी वाटते. पण हीच फट हल्लेखोर वापरतो: किल्लीत नसलेली, तरीही पानावर परिणाम करणारी कोणतीही गोष्ट. २०१८ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी या प्रकारच्या कॅशे पॉयझनिंगची (साठवलेल्या प्रतीत विष कालवणे) मांडणी केली, तेव्हा मुख्य उदाहरणांत 'एक्स-फॉरवर्डेड-होस्ट' (मुळात कोणते डोमेन मागितले ते सांगणारा) हा हेडर होता. लारावेलची साइट सीडीएनच्या मागे नेताना अनेक जण ट्रस्टेड प्रॉक्सीत (कोणत्या मधल्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा ती यादी) सरळ तारांकन, म्हणजे 'कुणीही', टाकून मोकळे होतात. मग बाहेरून आलेला हा हेडरही खरा मानला जातो, पानातल्या जावास्क्रिप्टचे पत्ते परक्या डोमेनचे बनतात, आणि तसे पान एजवर साठले की सगळ्यांना जाते. म्हणून ट्रस्टेड प्रॉक्सीत सीडीएनच्या आयपी रेंजच द्या, होस्टसाठी फॉरवर्डेड हेडर मानणे बंद करा, आणि जे किल्लीत नाही ते शक्यतो ओरिजिनकडे पाठवूच नका. क्लाउडफ्रंटमध्ये कॅशे पॉलिसी आणि ओरिजिन रिक्वेस्ट पॉलिसी (ओरिजिनकडे काय जावे ते ठरवणारी) शेजारी ठेवून वाचा. दुसरीत आहे आणि पहिलीत नाही अशी प्रत्येक गोष्ट संशयित.

मराठी साइटची एक खास अडचण पत्त्यातच असते. बातमीचा स्लग (पत्त्यातला शीर्षकाचा तुकडा) देवनागरीत ठेवला तर प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट, आणि टक्केवारी-एन्कोडिंगमध्ये नऊ रोमन चिन्हे. नुसते 'बेळगाव' लिहिले तरी चोपन्न. लांबीचे एक वेळ सोडा, एकाच शब्दाची रूपे दोन होतात हे वाईट. 'दुसऱ्या' मधला ऱ एकसंध चिन्ह म्हणूनही टाइप होतो, आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला फरक नाही, बाइट वेगळे, म्हणून किल्ली वेगळी. काही टूल हेक्स अक्षरे लहान लिपीत पाठवतात, काही मोठ्या. तिथेही किल्ली फुटू शकते. तुम्ही एका रूपाला पर्ज करता, वाचक दुसऱ्या रूपावर असतो, आणि 'पर्ज केले तरी जुनेच दिसते' ही तक्रार येते. पत्त्यात बातमीचा आकडी आयडी आणि रोमन स्लग ठेवा. जुने देवनागरी पत्ते सोडवत नसतील तर सेव्ह करतानाच एनएफसी (युनिकोडचे ठरावीक जोडलेले) रूपात आणा, आणि बाकीची रूपे ओरिजिनवरून त्या एकाच पत्त्याकडे वळवा.

किल्ली झाली. आता कोणते उत्तर साठवायचे आणि किती वेळ.

नावात हॅश (मजकुरावरून काढलेली सांकेतिक खूण) असलेल्या फायली, म्हणजे बिल्डमधून निघणारे सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, यांचा विचारच नको:

कॅशे-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्यूटेबल

म्हणजे एक वर्ष. मजकूर बदलला की नाव बदलते, त्यामुळे पर्जची गरज नाही. फॉन्टबाबत एवढे बघा: देवनागरी आणि कन्नड फॉन्ट वेगळ्या होस्टवरून देत असाल, तर 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन' (दुसऱ्या साइटला फाइल वापरू देणारा) हेडर प्रत्येक उत्तरावर हवा, रिक्वेस्टमध्ये 'ओरिजिन' हेडर (मागणी कोणत्या साइटवरून आली ते सांगणारा) असो वा नसो. नाहीतर कुणीतरी फॉन्टची फाइल ब्राउझरच्या पट्टीत थेट उघडतो, हेडरविना प्रत एजवर वर्षभरासाठी साठते, आणि सगळ्यांची पाने फोनच्या डिफॉल्ट फॉन्टवर येतात. फॉन्ट सार्वजनिकच आहेत, सरळ तारांकन द्या.

बातमीच्या पानाला पाच मिनिटे की एक दिवस? इथे सगळीकडे छापलेला सल्ला, 'एचटीएमएलला साठ सेकंद', जिल्हा पातळीच्या साइटला उपयोगाचा नाही. मोठ्या दैनिकाच्या पानावर मिनिटाला शेकडो वाचक येतात, तिथे साठ सेकंदही पुष्कळ. तुमची खानापूरची बातमी दिवसाला चाळीस जण वाचत असतील, तर साठ सेकंदांच्या मुदतीत जवळपास प्रत्येक वाचन मिस ठरेल. पुढचा वाचक येईपर्यंत प्रत शिळी झालेली असते. त्यातही वाचक बंगळूर, मुंबई, चेन्नई अशा वेगवेगळ्या एजवर विखुरलेले. कमी वर्दळीच्या साइटला लांब मुदत आणि हुकमी पर्ज हीच जोडी चालते. बातमीला एक दिवस द्या, आणि संपादकाने 'सेव्ह' दाबले की पर्ज करा.

शिवाय टियर्ड कॅशे किंवा ओरिजिन शील्ड चालू करा, म्हणजे एजवर प्रत नसली तर रिक्वेस्ट आधी एका मधल्या कॅशेकडे जाते. क्लाउडफ्लेअरमध्ये हे मोफत चालू करता येते, क्लाउडफ्रंटच्या ओरिजिन शील्डला वेगळा आकार पडतो.

ब्राउझर आणि एज यांना मात्र वेगळी मुदत द्या. एजवरची प्रत तुमच्या हातात आहे, वाचकाच्या फोनमधली नाही:

कॅशे-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=०
सीडीएन-कॅशे-कंट्रोल: मॅक्स-एज=८६४००, स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट=६०, स्टेल-इफ-एरर=८६४००

दुसरा हेडर २०२२ च्या आरएफसी ९२१३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधला, फक्त सीडीएनसाठी. त्यातले स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट म्हणजे मुदत संपल्यावर इतके सेकंद जुनी प्रत देत मागून नवी आणा, आणि स्टेल-इफ-एरर म्हणजे ओरिजिन बिघडला तर इतका वेळ जुनीच द्या. तुमच्या सीडीएनला तो कळत नसेल, तर पहिल्याच ओळीत 'एस-मॅक्सएज' (फक्त सामायिक कॅशेसाठीची मुदत) वापरावा लागतो, पण त्याची किंमत जाणून घ्या. आरएफसी ९१११ प्रमाणे एस-मॅक्सएजमध्ये 'मुदत संपल्यावर ओरिजिनला विचारल्याशिवाय देऊ नका' हा अर्थ अंतर्भूत आहे. म्हणजे त्याच्या शेजारी स्टेल-इफ-एरर लिहिले तरी नियम पाळणारा सीडीएन ते मानणार नाही. ओरिजिन बसला तर जुनी प्रत तरी दिसेल या भरवशावर राहाल, आणि ऐन निकालाच्या दिवशी वाचकांना ५०२ (सर्व्हरच्या बिघाडाचा कोड) दिसेल.

'नो-कॅशे' आणि 'नो-स्टोअर' यांची गल्लतही इथेच होते. नो-कॅशे म्हणजे साठवा, पण दर वेळी ओरिजिनला विचारून द्या. नो-स्टोअर म्हणजे साठवूच नका. वर्गणीदाराच्या पानाला दुसरा हवा.

बाजारभावाचे पान वेगळ्या चालीचे. सौदे चालू असताना भाव हलतात, नंतर दिवसभर तेच राहतात. सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी मुदत, असा खटाटोप करू नका. साठ सेकंद ठेवा, स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट तीनशे, आणि भाव भरणाऱ्या स्क्रीनवरून सेव्ह होताच पर्ज. मिनिटाला सहाशे जण आले तरी ओरिजिनला एजमागे एखादीच रिक्वेस्ट लागते. मात्र सीडीएनमध्ये रिक्वेस्ट कोलॅप्सिंग (एकाच पानाच्या एकाच वेळच्या रिक्वेस्ट एकत्र करून ओरिजिनकडे एकच पाठवणे) चालू आहे ना, ते पाहा. नाहीतर मुदत संपल्याच्या क्षणी आलेले सगळे एकदम ओरिजिनवर तुटून पडतात. कालच्या आणि त्याआधीच्या तारखांचे भाव बदलत नाहीत, त्यांना महिनाभर द्या. आणि तारीख नीट तपासा: कुणी बॉट २०९९ सालची तारीख मागू लागला तर रिकामे पान नको, ४०४ ('पान सापडले नाही') द्या.

चूक झाल्याचे सांगणाऱ्या उत्तरांची मुदतही तुम्हीच ठरवा. बातमी प्रकाशित होण्याआधीच वार्ताहराने लिंक ग्रुपवर टाकली, कुणीतरी उघडली, ४०४ साठला. आता बातमी आली तरी काही मिनिटे 'पान सापडले नाही'. तुम्ही काहीच सांगितले नसेल तर क्लाउडफ्लेअर साठवण्याजोगा ४०४ तीन मिनिटे ठेवतो, क्लाउडफ्रंट चुका दहा सेकंद. ४०४ ला तीस सेकंद आणि ५०० च्या घरातल्या (सर्व्हरच्या बिघाडाच्या) सगळ्यांना नो-स्टोअर द्या. एनजिनएक्समध्ये हे लिहिताना 'ॲड-हेडर' च्या ओळीत शेवटी 'ऑल्वेज' लागतो, नाहीतर तो हेडर २०० आणि ३०१ सारख्या ठरावीक कोडांवरच जातो, ४०४ आणि ५०० वर जात नाही. दुसरी खोच: आतल्या 'लोकेशन' ब्लॉकमध्ये एक जरी ॲड-हेडर लिहिला, की बाहेरच्या ब्लॉकमधले सगळे ॲड-हेडर तिथे गळून पडतात. सुरक्षेचे हेडर अचानक गायब झाले तर आधी हे बघा.

आता ज्याच्यामुळे खरा हिट अडतो ते: सेशन. एजमधून येणाऱ्या पानाचे हेडर काढा. 'एक्सपायर्स' मध्ये १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख दिसली तर पीएचपीचे स्वतःचे सेशन कुठेतरी सुरू होतेय. सेशन सुरू होताच पीएचपी हीच तारीख आणि सोबत नो-स्टोअर पाठवते. लारावेलमध्ये चिन्ह निराळे: 'नो-कॅशे, प्रायव्हेट' आणि जोडीला दोन सेट-कुकी, एक सेशनची, एक एक्सएसआरएफ टोकनची (बनावट फॉर्म रोखणारी खूण). वेब गटातल्या प्रत्येक रूटवर (ॲप्लिकेशनने हाताळायचा पत्ता) हे होते, मग पान कुणाचेही असो. सीडीएन असे पान साठवत नाही, आणि तेच बरोबर आहे.

अशा वेळी डॅशबोर्डवर जाऊन 'कॅशे एव्हरीथिंग' नियम लावायचा आणि ओरिजिनचे हेडर डावलायचे, हा मोह आवरा. हिट एका दिवसात नव्वदीला जाईल, आणि एका वर्गणीदाराचे नाव-पत्ता दुसऱ्याला दिसेल. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर नेमके असेच झाले: हल्ल्याच्या ताणात लावलेल्या चुकीच्या कॅशे नियमामुळे सुमारे ३४ हजार ग्राहकांची पाने इतरांना दिसण्याची वेळ आली.

काम ओरिजिनमध्येच करावे लागते. सार्वजनिक पानांसाठी वेगळा रूट गट काढा, त्यातून सेशन, कुकी आणि सीएसआरएफची (तीच टोकन-तपासणी) मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टवर मध्ये चालणारे कोडचे तुकडे, वगळा, आणि कॅशे हेडर लावणारे लारावेलचे तयार मिडलवेअर तिथे जोडा. पानाच्या माथ्यावर 'नमस्कार, अमुक' दाखवायचे असेल तर तो तुकडा ब्राउझरने वेगळ्या एपीआयवरून आणावा. त्या एपीआयवर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर'. बातमीखाली प्रतिक्रियेचा फॉर्म असेल तर त्याचे टोकन साठवलेल्या पानात छापू नका. छापले तर सगळ्या वाचकांना एकाच जुन्या सेशनचे टोकन जाते आणि फॉर्म पाठवताच ४१९ (टोकन चुकल्याचा लारावेलचा कोड) येतो. वाचकाने फॉर्ममध्ये बोट ठेवल्यावर टोकन मागवा.

'/खाते/' खालच्या सगळ्यावर सीडीएनमध्येही बायपास (साठवू नका, थेट ओरिजिनकडे न्या) लावा, म्हणजे ओरिजिनकडून चूक झाली तरी दुसरी कडी राहील. नियमांचा क्रम मात्र तपासा. 'डॉट सीएसएस ने संपते ते साठवा' हा नियम जिंकला, तर '/खाते/प्रोफाइल/काहीही.सीएसएस' अशी लिंक पाठवून कुणीही वर्गणीदाराचे पान एजवर साठवून घेऊ शकतो, कारण ॲप्लिकेशनचे काही राउटर शेवटचा तुकडा दुर्लक्षून प्रोफाइलच देतात. ही युक्ती २०१७ पासून सर्वश्रुत आहे. स्थिर फायली '/ॲसेट्स/' खाली ठेवून पाथवर नियम लावा, एक्स्टेन्शनवर नको.

तिसरी तक्रार: दुरुस्तीनंतरही जुने. एक बातमी किमान तीन ठिकाणी साठलेली असते: ॲप्लिकेशनच्या आतल्या रेडिस (मेमरीतला साठा) किंवा एनजिनएक्सच्या कॅशेत, एजवर, आणि ब्राउझरमध्ये. साफ करण्याचा क्रम आतून बाहेर. आधी डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन कमिट, मग आतला कॅशे, मग एजचा पर्ज. उलट केले तर पर्जनंतरच्या पहिल्याच रिक्वेस्टला आतला कॅशे जुने पान देतो आणि ते दिवसभरासाठी पुन्हा एजवर जाऊन बसते. कमिटच्या आधी पर्जचा कॉल गेला तरी हेच. लारावेलमध्ये पर्जचे काम क्यूत (कामांची रांग) टाका, कमिटनंतर पाठवा, तीन-चार वेळा पुन्हा प्रयत्न होऊ द्या, आणि शेवटी फसले तर संपादकाला स्क्रीनवर दिसू द्या.

काय पर्ज करायचे? बातमीचे पान, तिची दुसऱ्या भाषेतली जोडी, मुखपृष्ठ, विभागाची यादी, तालुक्याची यादी, फीड. हे पत्ते हाताने गोळा करण्यापेक्षा टॅग बरे. प्रत्येक पानाच्या हेडरमध्ये 'बातमी-४५१२, विभाग-शेती, तालुका-निपाणी' असे टॅग घाला आणि टॅगवर पर्ज मारा. टॅगची सोय नसेल, तर क्लाउडफ्रंटवर महिन्याला पहिले एक हजार इनव्हॅलिडेशन पाथ मोफत आहेत, आणि तारांकन असलेला पाथ एकच मोजला जातो. '/एमआर/निपाणी/*' हा एक पाथ. सगळा कॅशे पुसणारे बटण संपादकांच्या हाती देऊ नका. वर्दळीच्या वेळी ते दाबले की सगळा भार एकदम मुंबईच्या सर्व्हरवर.

छायाचित्र बदलले तर नवे नाव द्या, जुन्या नावावर नवे चित्र चढवू नका. आणि व्हॉट्सॲपवर आधीच गेलेल्या लिंकचे छोटे चित्र कशानेही बदलणार नाही. ते पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशासोबत गेलेले असते. संपादकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन तुम्हालाच येतो.

डिप्लॉय करताना (नवी आवृत्ती सर्व्हरवर नेताना) नव्या ॲसेट फायली आधी चढवा, एचटीएमएल नंतर, आणि जुन्या फायली किमान आठवडाभर राहू द्या. एजवरचे कालचे पान कालचीच जावास्क्रिप्ट मागते; ती पुसली असेल तर पांढरे पान.

ओरिजिनच्या बाजूचे थोडके. सीडीएन आणि ओरिजिनमधला टीएलएस (एचटीटीपीएसमागचे एन्क्रिप्शन) पूर्ण आणि सर्टिफिकेट तपासणारा ठेवा. 'फ्लेक्सिबल' ठेवला तर सीडीएन ओरिजिनला साध्या एचटीटीपीवर गाठतो, ओरिजिन त्याला एचटीटीपीएसकडे वळवतो, आणि पान रीडायरेक्टच्या घाण्याला लागते. क्लाउडफ्रंटचे सर्टिफिकेट नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्येच काढावे लागते, मुंबईत काढलेले यादीत दिसत नाही. एनजिनएक्सला खरा आयपी हेडरमधून घ्यायला शिकवा. नाहीतर रेट लिमिट (एका आयपीकडून किती रिक्वेस्ट घ्यायच्या ती मर्यादा) सीडीएनच्या आयपीवर लागतो आणि एका बॉटपायी सगळ्या जिल्ह्याला ४२९ ('फार रिक्वेस्ट'). फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्या रेंज उघड्या ठेवा. दोन सर्व्हर असतील तर ईटॅगही (फाइलच्या आवृत्तीची खूण) बघा: एनजिनएक्स तो फाइलची वेळ आणि आकार यांवरून बनवतो, म्हणून दोन्हीकडे फायली वेगळ्या वेळी चढल्या तर ईटॅग जुळत नाही आणि ३०४ ('बदल नाही') ऐवजी पुन्हा पूर्ण फाइल जाते.

तपासणी कर्लने (कमांड लाइनवरून पान मागणारे टूल) करा, पण नुसता हेड प्रकारचा (फक्त हेडर मागणारा) कॉल नको. काही ठिकाणी त्याला वेगळी वागणूक मिळते. पूर्ण गेट करा, हेडर छापा, मजकूर टाकून द्या. पहिल्यांदा मिस, दुसऱ्यांदा हिट, आणि 'एज' (इथे प्रतीचे वय, एज सर्व्हर नव्हे) हेडरमधले सेकंद वाढताना दिसायला हवेत. क्लाउडफ्लेअरवर 'डायनॅमिक' आले तर साठवण्याचा नियमच लागलेला नाही; तिथे एचटीएमएल आपणहून साठवले जात नाही, नियम लिहावा लागतो. 'बायपास' आले तर हेडर किंवा कुकी आडवी येतेय. कोणत्या एजवर गेलात हेही उत्तरात असते: बीएलआर म्हणजे बंगळूर, बीओएम म्हणजे मुंबई. बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन घरांतही इंटरनेट कंपनीप्रमाणे हे वेगळे येऊ शकते. एसआयएन, म्हणजे सिंगापूर, दिसले तर त्या कंपनीचे राउटिंग लांबून जातेय. कॅशेचे नियम बदलून त्यावर इलाज नाही.

वेगाबद्दल अपेक्षा मात्र माफक ठेवा. बेळगावपासून मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद, वर राउटिंगचे जे काही. सर्व्हर मुंबईतच असल्याने इथल्या वाचकाला अंतराचा फायदा फारसा मिळणार नाही. मिळेल तो ओरिजिनवरचा भार हलका होण्याचा, आणि सर्व्हर बसला तरी पान उभे राहण्याचा.

चालू करताना आधी फक्त ॲसेट्स, मग छायाचित्रे, मग बाजारभाव, शेवटी बातम्यांची पाने. बातम्यांची पाने उघडण्याआधी दोन वर्गणीदार खाती घ्या, दोन वेगळे फोन, एकाच नेटवर्कवर. पहिल्या खात्याने लॉगिन करून वीस-पंचवीस पाने फिरा, लगेच दुसऱ्याने तीच पाने, त्याच क्रमाने. मग भाषा उलट करून पुन्हा. साठवलेल्या एकाही उत्तरात सेट-कुकी असता कामा नये, हे लॉगमधून यंत्रानेच रोज तपासू द्या आणि सापडली तर त्या पाथचा कॅशे आपोआप बंद होऊ द्या. हिटचे प्रमाण एकत्र बघू नका: ॲसेट्सचा ९५ टक्के हिट बातम्यांचा १० टक्के झाकून टाकतो. पाथनिहाय काढा, आणि त्याच्या शेजारी ओरिजिनला मिनिटाला किती रिक्वेस्ट गेल्या तो आकडा ठेवा.